चार गटांची भाऊकी

विंचूरजवळच्या त्या गावात कारभारीला कधी कुणी फसवलेलं नव्हतं, निदान तो स्वतः तसं सांगत फिरायचा. तीस वर्षं संसार झाला, तरी बायडाबाईनं चहात साखर टाकली का, हे पातेल्यात डोकावून बघणारा संशयी गडी!

त्र्याऐंशी साली नाशिकच्या कॉलेजातले निवृत्ती सर गावाचं रक्त तपासायला आले. गावात मुळात किती वेगवेगळे गट आहेत, ते रक्तावरून पुण्याचा कॉम्प्युटर सांगणार होता. सहा महिन्यांनी सरांनी मोठ्या कौतुकानं नावानिशी कागद चावडीवर लावला. गट तीन. तिसऱ्या गटात कारभारी, त्याची लेक चांगुणा अन् पुंजाचं अख्खं घर; बायडाबाई दुसऱ्यात.

झाली पंचाईत. चांगुणाचं पुंजाच्या पोराशी लग्न आठ दिवसांवर आलेलं, पत्रिकाही वाटून झालेल्या.

पुंजा दारातूनच म्हणाला, "एका गटात म्हंजी भाऊकीच की. भाऊकीत सोयरीक कशी करायची?"

चांगुणा आत जाऊन रडायला लागली. यात कुठंतरी पाणी मुरतंय, अशी कारभारीची खात्रीच झाली. सकाळच्या पहिल्या येष्टीनं तो सरांपुढं हजर.

"सर, गट तीनच, हे मशिनला कुणी सांगितलं?"

"आम्हीच. किती गट पाडायचे, ते आधी सांगावं लागतं."

"आन् चार सांगितले तर?"

"चार पाडेल."

"मंग मशिनला काय कळतं डोंबलाचं?"

सरांनी कपाटातून चार गटांचाही कागद काढून दिला. त्यात पुंजाचं घर तिसऱ्या गटात, कारभारी अन् चांगुणा चौथ्यात. कारभारी छाती काढून गावात परतला.

पुंजानं कागद वाचला, मान हलवली, अन् मग त्याचं बोट एका नावावर थांबलं.

"लग्नाला माझी ना नाय. पण कारभारी, बायडावहिनी तुझ्याच गटात आल्या की."

बायडाबाईनं नवऱ्याचं अंथरूण ओट्यावर नेऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी कारभारी पुन्हा नाशकात.

"सर, पाचाचा कागद असंल ना?"

"आहे. त्यात बायडाबाई तुमच्यापासून वेगळ्या होतात. पण चांगुणा जाते पुंजाच्या गटात."

कारभारीनं हात जोडले. "नको. चारच ऱ्हाऊ द्या."

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं, लेक सुखानं नांदायला गेली. अन् त्या दिवाळीत भाऊबीजेला बायडाबाई निरांजनाचं ताट घेऊन ओट्यावर आली.

"पाट घ्या, दादा," ती म्हणाली. "ओवाळणी काय घालताय?"