टिपणीस काकांची सोनेरी पट्टी

टिपणीस काका सुपरमार्केटमध्ये ट्रॉली वळवतानासुद्धा थांबतात. तांदळाच्या पोत्यांचा कोपरा आला की ट्रॉली जागच्या जागी उभी. मग उजवीकडे बोट, डावीकडे बोट, पुन्हा उजवीकडे बोट, आणि खणखणीत मराठीत, "थांबलो. पाहिलं. निघालो!" मागे ताटकळलेल्या जपानी बायका नम्रपणे हसतात. मी मात्र आतल्या आत चरफडते. मला घरी जाऊन कुकर लावायचा असतो, मुलीला आणायचं असतं, आणि थांबणं हा प्रकार मला मुळातच जमत नाही.

त्याची शिक्षाही मी भोगते आहे. नवऱ्याच्या नोकरीपायी नागोयात आले, पण भारतातल्या लायसन्सवर इथलं लायसन्स मिळवायच्या परीक्षेत दोनदा आपटले. दोन्ही वेळा कारण एकच. थांबायच्या रेषेवर माझी चाकं पुरती थांबलीच नाहीत. "मेधा, तू थांबत नाहीस, नुसती दम खातेस," असं म्हणून शेजारच्या बिल्डिंगमधल्या या काकांनी मला शिष्या करून घेतलं.

काका तरुणपणी मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, काझुको काकूंशी लग्न केलं आणि इथलेच झाले. आता पंचाहत्तरीला टेकलेत. बरीच वर्षं एकही पावती न फाटता गाडी चालवली की इथे लायसन्सवर सोनेरी पट्टी येते. काका ती पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवतात.

ट्रॅफिक पोलिसाला ते अजूनही मामाच म्हणतात. "आमचा पहिला मामा सांगतो तुला," हे वाक्य आलं की मी घड्याळ बघते, पण काका थांबत नाहीत. "नवी गाडी, हा एवढा रुंद रस्ता. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जड झाला. धरलं. मी आपला पुण्यातल्या सवयीने टुणकन खाली उतरलो, हात जोडले, म्हटलं, साहेब, बायको अडलीय हो! त्याने वही काढून शांतपणे विचारलं, कुठल्या हॉस्पिटलात? आता आली का पंचाईत! लग्नच झालं नव्हतं माझं."

मामाने पावती दिली आणि वर कमरेत वाकून 'सांभाळून जा' म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, पण तो नमस्कार काकांना फार लागला.

तेव्हापासून काकांनी मामाशास्त्रच रचलं. कुठल्या पुलाच्या उतारावर मामा असतो, कुठल्या शाळेमागच्या झुडपाआड त्याची मोटारसायकल असते, साध्या गाडीतून फिरणारे मामा कसे ओळखायचे, सगळं तोंडपाठ. "गाडी नको तितकी स्वच्छ, आत दोघं जण आणि दोघंही गप्प. नवरा-बायको नव्हेत ते!" गाडीत त्यांचे डोळे क्षणभर एका जागी ठरत नाहीत. आरसा, काटा, आरसा, झुडूप, काटा. शेजारी बसून मलाच धाप लागते.

घरी तालीम वेगळी. काका डायनिंगच्या खुर्चीत स्टीलची ताटली स्टिअरिंगसारखी धरून बसतात आणि मला म्हणतात, "तू मामा हो." मी हवेतल्या काचेवर टकटक करायची. "हात स्टिअरिंगवर. हसायचं नाही. विचारलं तेवढंच बोलायचं," असं ते पुटपुटतात आणि मग माझ्याकडे इतक्या गरीब चेहऱ्याने बघतात, की ताटलीवर पोळी वाढावीशी वाटते.

या सगळ्या वेडापायी मी त्यांना खूप हसले आहे. पण त्यामागची धास्ती खरी होती. काकू आता डोंगरातल्या केअर होममध्ये असतात. तिकडे जाणारी बस बंद झाली आहे. काकांच्या वयाला लायसन्स पुन्हा काढताना स्मरणशक्तीची परीक्षा असतेच, त्यात मधे एखादा गुन्हा चढला तर गाडीही चालवून दाखवावी लागते. योकोहामातला मुलगा फोनवर बापाला जपानीतून दम देतो, "ओतोसान, एक पावती, की किल्ली माझ्याकडे." काका फोन ठेवून मला मराठीत सांगतात, "लायसन्स गेलं की आमची भेट गेली बघ."

गेल्या शरदात घाटातला सराव म्हणून त्यांनी मला सोबत नेलं. काकूंना घेऊन धरणापर्यंत चक्कर मारायची होती. केअर होमच्या दारात काका हळूच म्हणाले, "एक लक्षात ठेव. आज मी ड्रायव्हर आहे."

मला काही कळेना. काकू आल्या, नीटनेटक्या, हातात पर्स. काकांनी मागचं दार उघडून धरलं. त्या बसता बसता म्हणाल्या, "ड्रायव्हर-सान, तसदी देते हं."

गाडीला वळसा घालताना काका खाली बघत मला म्हणाले, "मी तुझा नवरा म्हटलं की घाबरते गं. एकदा किंचाळली. गाडीत बसेचना. ड्रायव्हर म्हटलं की निवांत येते." मी पुढच्या सीटवर बसून उगाच पट्ट्याशी खटपट करत राहिले.

आणि परतीच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी, मामा! सुरक्षा सप्ताहाची तपासणी होती. चाळिशीच्या पोलिसाने हात केला. काका रेषेवर थांबले, काच खाली केली, हात स्टिअरिंगवर. लायसन्स पाहून पोलीस हसला, आता सुटलोच म्हणून मी श्वास सोडला. तेवढ्यात मागून काकू कौतुकाने म्हणाल्या, "फार चांगले ड्रायव्हर-सान आहेत. नेहमी हेच मला न्यायला येतात."

पोलिसाचं हसू मावळलं. गाडीला पांढरी नंबरप्लेट, म्हणजे खाजगी. पुढे म्हातारा परदेशी माणूस, मागे जपानी आजी. अशा चोरट्या टॅक्सीवाल्यांना इथे माफी नाही. त्याने विचारलं, "या बाई आपल्या कोण?"

एका शब्दाचं उत्तर होतं. काकांनी तोंड उघडलं, आरशात पाहिलं आणि मिटलं. मला राहवेना. मी "अहो, त्या—" म्हणाले, तोच काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"बाहेर येऊन सांगू का?" त्यांनी विचारलं.

दोघं गाडीच्या मागे गेले. काका बोलत होते. पोलीस ऐकत होता, मग केअर होमला फोन लावत होता. काकू कासावीस झाल्या. "त्यांना रागावतायत का? माझ्यामुळे का?" त्यांनी काच खाली केली आणि बाहेर डोकं काढून ओरडल्या, "त्यांचा दोष नाही हो! मीच घाई केली. माझे यजमान ऑफिसातून भुकेले येतील, मला स्वयंपाक करायचाय!"

काकांनी गाडीकडे पाठ फिरवली. कितीतरी वेळ ते डोंगराकडेच बघत राहिले. मला उतरून त्यांच्यापाशी जावंसं वाटत होतं, पण काकूंना एकटं सोडवेना.

शेवटी पोलीस एकटाच पुढे आला. मागच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "आजी, ड्रायव्हरची काही चूक नाही. आरामात जा." मग काकांना लायसन्स परत दिलं. दोन्ही हातांनी.

केअर होमच्या दारात काकूंनी काकांना वाकून नमस्कार केला, काकांनी त्यांना केला. दोन पावलं आत जाऊन त्या पुन्हा वळल्या आणि तिथल्या बाईला म्हणाल्या, "पुढच्या वेळी यांनाच बोलवाल ना? दुसरं कुणी नको."

काका गाडीत येऊन बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. मीही पहिल्यांदाच घाई केली नाही.

"ऐकलंस ना, मेधा?" ते म्हणाले. सगळा चेहरा उजळला होता. "मलाच बोलावलंय."