सिम्बा सुटला!

"जात सांगा, टाके सांगतो!" मुसेम्बी मास्तरांचं हे वाक्य केनियातल्या कितेंगेलाच्या त्या वसाहतीत सगळ्यांना पाठ झालं होतं. तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस वसाहतीचा अध्यक्ष झाला आणि एका महिन्यात कुत्र्यांचा तज्ज्ञ झाला! जर्मन शेफर्ड चावला तर सहा टाके. बोअरबोल चावला तर बारा. आणि रॉटवायलर? "तिथं टाके मोजायला माणूस उरत नाही!"

आता वसाहतीत रॉटवायलर एकच होती. मलाइका! लेमायानच्या आईची. बाई विधवा, मुलगा दूर मोम्बासाला, घरात ती आणि कुत्री. "मलाइका गेली तर मीही जाईन. एकटीनं भिंतींशी बोलू काय?" असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण मास्तर हटून बसले होते. धोकादायक जातीची कुत्री वसाहतीबाहेर, असा ठराव त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून काढला होता.

मास्तरांकडेही कुत्रं होतं, पण गावठी. बकरीच्या करडाएवढं, मातकट रंगाचं. त्याचं नाव मात्र मास्तरांनी हौसेनं ठेवलं होतं सिम्बा, म्हणजे साक्षात सिंह! फाटकावर लाल रंगात पाटी रंगवली होती, 'म्ब्वा काली'. कुत्रं उग्र आहे, सावधान! "चोरांसाठी हो," मास्तर हसून सांगत. "आमचा सिम्बा माशीसुद्धा मारत नाही. गावठी जातच गरीब!"

बैठक शनिवारी सकाळी भरली. दर महिन्याला पाळीनं एकेकाकडे भरायची, आणि या वेळी पाळी नेमकी लेमायानच्या आईची! बिचारीनं मांदाझी तळल्या, चहा उकळला, आणि अध्यक्षांच्या हुकमावरून मलाइकाला अंगणातल्या लाकडी खोपट्यात घालून बाहेरून कडी लावली. मास्तरांनी तिच्याच हातची चौथी मांदाझी तोंडात कोंबली आणि तिच्याच कुत्रीविरुद्ध भाषण सुरू केलं.

"बंधुभगिनींनो, रक्तात असतं ते रक्तात असतं! मी डोळ्यांत बघून..."

तेवढ्यात भिंतीपलीकडून, मास्तरांच्या घरातून, त्यांच्या बायकोची, म्बिथेची किंकाळी आली. "सिम्बा सुटलाऽऽ! अहो, सिम्बा सुटला! धावाऽऽ!"

अभयारण्याचं कुंपण वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर. गेल्याच आठवड्यात खऱ्याखुऱ्या सिंहानं नदीकाठी तीन शेळ्या फस्त केल्या होत्या. मग काय विचारता! खुर्च्या उलथल्या, चहा सांडला, आणि सगळी बैठक लेमायानच्या आईसकट तिच्या घरात घुसली. दार धाडकन बंद!

बाहेर राहिले अध्यक्ष.

"उघडा! अहो, मी मुसेम्बी!"

"मास्तर, दार उघडलं तर तो आत येईल!" आतून उत्तर आलं.

वास्तविक या माणसानं आपल्या तोंडानं आपल्या कुत्र्याचं नाव सिम्बा ठेवलेलं. पण भीतीनं अक्कल गुंडाळून ठेवली की स्वतःचं नावही आठवत नाही, तिथं कुत्र्याचं कुठून आठवणार! मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कडी असलेलं एकच दार दिसलं. ती काढली आणि मास्तर डोकं पुढं करून आत शिरले.

आत मलाइका होती. पन्नास किलोची.

"संपलं!" मास्तर म्हणाले. बाहेर सिंह, आत रॉटवायलर! त्यांनी डोळे मिटून बायबलातली आठवतील ती वचनं एकात एक मिसळून म्हटली. पण मलाइकानं त्यांच्या काखेत डोकं खुपसलं आणि ती थरथर कापू लागली. मास्तरही कापत होते. खोपटं दोघांच्या कापण्यानं खडखडत होतं. मास्तरांची विजार तेवढ्यात ओली झाली. ते मलाइकानं केलं, असं मास्तर आजही सांगतात.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि वन्यजीव खात्याला लावला.

"नर की मादी?" पलीकडून अधिकाऱ्यानं विचारलं.

"नर!"

"आयाळ?"

"भरगच्च!" मास्तरांनी सिंहाचं शेपूटसुद्धा पाहिलं नव्हतं.

"तुम्ही सुरक्षित आहात ना? दार लावलंय?"

"दारात कुत्री बसलीये."

"शूर कुत्री दिसते!"

"माझ्या मांडीवर बसलीये," मास्तर पुटपुटले.

वीस मिनिटांत गाडी आली. अधिकारी भुलीची बंदूक घेऊन उतरला. खिडक्यांमधून सगळे श्वास रोखून बघत होते. खोपट्यामागच्या झुडपात काहीतरी मातकट हललं. अधिकाऱ्यानं नेम धरला आणि झुडपातून सिम्बा बाहेर आला. तोंडात भाजलेली अख्खी कोंबडी! मागून म्बिथे चप्पल उगारून, "मेल्या, पाहुण्यांची कोंबडी ती! सोड!"

अधिकाऱ्यानं बंदूक खाली केली. "हाच का तो? भरगच्च आयाळवाला?"

खिडक्यांमागून असा हशा उसळला की मास्तरांना तोंड दाखवायची सोय उरली नाही. त्यामुळे ते खोपट्यातून पाठमोरे, रांगत बाहेर निघाले. सिम्बानं पाहिलं. ओली विजार, परक्या कुत्रीचा वास, आणि चोरासारखं मागं सरकत येणारं बूड! त्यानं कोंबडी सोडली आणि कर्तव्य केलं.

दवाखान्यात मास्तर पालथे पडले होते. नर्सबाईंनी विचारलं, "कुत्र्याची जात?"

"गावठी."

"मालक?"

मास्तरांनी उशीत तोंड खुपसलं. "मीच."

नर्सबाईंनी त्यांच्या विजारीच्या मागच्या खिशातून एक कागद ओढून काढला. दात त्यातून आरपार गेले होते. "हे काही महत्त्वाचं आहे का हो?"

तो ठराव होता! मास्तरांनी शेजारी उभ्या असलेल्या लेमायानच्या आईकडे पाहिलं. तिच्याच ओळखीच्या गाडीवाल्यानं त्यांना इथवर आणलं होतं. "रद्दी आहे," ते म्हणाले. "टाकून द्या. मलाइका कुठं जात नाही, अन् तुम्हीही नाही."

टाके पाच पडले. मास्तरांना एकाचाही अंदाज आला नव्हता.

परतताना एका बाजूनं म्बिथेनं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं लेमायानच्या आईनं. "म्हणजे मला सिंह खातोय असं वाटलं तुम्हाला," म्बिथे सारखी विचारत होती, "आणि तुम्ही कुत्रीच्या घरात?" मास्तर तिला वाटेतल्या टेकड्यांची नावं सांगू लागले.

फाटकापाशी मास्तर थांबले, कण्हले. "तुम्हाला सांगतो, लेमायानच्या आई, मी गाढव! पण आमचं कुत्रं असं चावेल, हे मला आधी कुणी सांगायला नको होतं का?"

तिनं मान वर करून फाटकाकडे पाहिलं.

"सांगितलं तर होतं की, मास्तर. चार वर्षं, लाल रंगात. अक्षर तुमचंच ना हे?"