व्याख्या करा, मग रडा

दहाव्याला घोडके सर आले की माइकवालाही आधीच आवाज बारीक करून ठेवायचा.

आमच्या बीडला पिंडाला कावळा शिवेपर्यंत नदीकाठी माइकवर श्रद्धांजलीची भाषणं चालतात. सर तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. जन्मभर पोरांना शब्दांच्या व्याख्या करायला लावल्या. शेवटी विषयाला पोरं मिळेनात, विभाग बंद पडला, आणि सरांनी आपला वर्ग मसणवट्यात हलवला. पुढच्या रांगेत बसायचे. वक्ता 'कधीही न भरून येणारी पोकळी' म्हणाला की उभे!

"थांबा. पोकळी म्हंजे काय? व्याख्या करा."

एका पुढाऱ्यानं मयताला 'समाजसेवक' म्हटलं. सरांनी विचारलं, "सेवा कशाला म्हंता? तुमी करता तीच का?" पुढारी भाषण अर्धं टाकून गाडीत जाऊन बसला. लोक तोंडाला रुमाल लावून हसले. मीही हसलो.

माझ्या वडिलांच्या दहाव्याला मात्र हसू आलं नाही. "दादा प्रेमळ होते," एवढंच मी बोललो, तर हे उभे. "प्रेमळ म्हंजे? मारत न्हवते म्हणून, का जवळ घेत होते म्हणून?" दादांनी मला कधीच जवळ घेतलं नव्हतं. मी माइक खाली ठेवला. भिंतीला भिंत लागून घर, पण वर्षभर मी त्या माणसाशी बोललो नाही. सरांना त्याचं काहीच नव्हतं. "मोघम बोलणं म्हंजे मेलेल्या मानसाची चेष्टा," असं त्यांचं ठाम मत.

गेल्या पौषात सरांच्या पत्नी, शांताकाकू, गेल्या. मूलबाळ नव्हतं. दहाव्याला गर्दी लोटली, निम्मी दुःखानं, निम्मी सूड उगवायला. खोटं कशाला सांगू, मीही त्यांचाच 'प्रेमळ म्हंजे?' हा प्रश्न मनात घोळवूनच गेलो होतो.

सरांनी माइक घेतला. "शांता म्हंजे..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा, "शांता म्हंजे..." कुणीतरी त्यांना धरून खाली बसवलं.

मग बाकीचे बोलले. प्रेमळ, मनमिळाऊ, साक्षात अन्नपूर्णा. सर एकदाही उठले नाहीत. प्रत्येक शब्दाला नुसती मान हलवत होते. कावळा शिवला, लोक चपला शोधायला लागले, तेव्हा ते माझ्याकडे आले.

"तू बोलला न्हाईस रं."

"काय बोलू, सर?"

"कायबी बोल. मोघम बोल." त्यांनी माझं मनगट धरलं. "घरी गेल्यावर तिचं नाव कोन काढनार हाय?"

मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. "काकू लई चांगल्या होत्या, सर," मी म्हणालो.

"अजून बोल," सर म्हणाले.