‘चाबूक’ शब्दाचा कज्जा

श्री. बोलत्या जिभेस दंडवत आणि ऐकत्या कानास दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष मासी, एके राज्यी, ज्याचे नाव घेतले असता उगाच माणसे दुखावतील, कॉलेज म्हणोन थोर संस्थान होते, तेथे गॅदरिंगाचे सुमारास मोठा कज्जा उभा राहिला, त्याचे वर्तमान ऐसे जे. त्या संस्थानी शैलजाबाई टिपणीस म्हणोन माजी विद्यार्थिनी, वयाने साठीपार, बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने तापट, यांणी नाटक लिहिले. नाटक कैलासवासी अरुण घाग यांजवरचे. हे घाग म्हणजे बाईंचे कॉलेजातील जिवलग दोस्त आणि कट्ट्याचे राजे, त्यांस सारे घाग्या म्हणत, आणि ते गतवर्षी निजधामास गेले. मग बाईंनी मनी धरिले की, प्रयोगास त्यांच्या पत्नी सुनंदाबाई येणार, तर आमचा घाग्या हुबेहूब उभा राहावा आणि आपल्याच जिभेने बोलावा. म्हणोन वाक्यागणिक चाबूक, खल्लास, भंकस, बंडल ऐसे शब्द पेरिले. चहा आला तरी चाबूक, बस आली तरी चाबूक, परीक्षा बुडाली तरी चाबूक! प्रीती मोठी असली की हात सैल सुटतो, त्यास बाईंनी तरी काय करावे?

नाट्यमंडळाचे सेनापती चिरंजीव ओजस कर्णिक, दाढी नुकतीच फुटलेले परंतु कामास वाघ, यांणी तालीम मांडिली आणि पहिल्याच प्रवेशी थांबविली. म्हणो लागले, “मॅडम, राग मानू नका, पण हे जाम क्रिंज वाटतंय. खरंच कोणी रोज असं बोलायचं? की हे फक्त पिक्चरमध्येच होतं?” बाई लालबुंद होवोन बोलिल्या, “अरे, पिक्चरवाल्यांनी आमच्याकडून उचललं! आम्ही काय कट्ट्यावर बसून बातम्या द्यायचो?” ओजस म्हणाले, “मग पुरावा द्या. नाहीतर मी तिथे ‘खूप छान’ करून टाकतो.” खूप छान! हे ऐकोन बाईंचे काळजात कळ उठली. घाग्या आणि खूप छान? तो घाग्या नव्हेच, ते कोणी सत्कार समारंभाचे सूत्रसंचालक जाहले! मग गोष्ट प्राचार्य महाराजांचे कानी गेली. महाराज मोठे न्यायी. त्यांणी आज्ञा केली की, जुने कट्टेकरी बोलवावे, साक्ष घ्यावी, आणि साक्षीत उतरेल तितकेच नाटकात ठेवावे.

मग साक्षीस दोन थोर असामी आल्या. एक रमाकांतराव सबनीस, जिल्ह्याचे निवृत्त न्यायाधीश, कट्ट्यावरचे सब्या, आणि दुसऱ्या डॉक्टर निर्मला वाघधरे, कट्ट्यावरच्या निमी. सबनिसांस त्यांची सून गाडीतून घेवोन आली आणि पहिल्याच खुर्चीवर बसली, तेथेच घात जाहला. महाराजांनी पुसले, “आपण ‘चाबूक’ म्हणत होता काय?” सबनिसांनी सुनेकडे पाहिले, घसा खाकरला आणि वदले, “आम्ही साधारणतः ‘उत्तम’ असा शब्दप्रयोग करीत असू.” निर्मलाबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी फार शिस्त होती हो.” शिस्त! ज्या निमीने लेक्चर चालू असता खिडकीतून उडी घेतली, ती शिस्त सांगती जाहली! शैलजाबाईंनी ओठ दाताखाली धरिला. शिव्या तोंडाशी आल्या त्या गिळिल्या, आणि डोळ्यांत पाणी आले ते मात्र गिळता आले नाही. ओजस यांस त्यांची दया आली, परंतु आज्ञा ती आज्ञा, म्हणोन त्यांणी पेन उघडिले.

चहास अजून अवकाश होता, म्हणोन मंडळी जिमखान्याचे खोलीत बसविली आणि सून गाडी सावलीत लावावयास गेली. तेथे कॅरमचा पट मांडिला होता. न्यायाधीशांची बोटे शिवशिवली. निर्मलाबाईंनी पावडर टाकिली, शैलजाबाईंस ओढोन बसविले, आणि चौथी बाजू रिकामी राहिली. खेळ सुरू होवोन थोडका वेळ झाला नाही तो सबनिसांनी कोपऱ्यातली राणी ऐसी काही उचलिली की स्वतःच ओरडले, “खल्लास!” निर्मलाबाई खेकसल्या, “शायनिंग मारू नकोस सब्या, आधी कव्हर घे!” कव्हर हुकले. “झाला पोपट!” निर्मलाबाई हसल्या. सबनीस उसळले, “गप ए, बंडल स्ट्रायकर आहे हा!” दारात चहाचा ट्रे घेवोन ओजस उभे, ते हलेनात. मग शैलजाबाईंनी, डोळे ओले असताच, पटाचे कडेस चिकटलेली सोंगटी उलट्या माराने घेतली. कोणास जमू नये ऐसा तो मार! आणि सबनीस रिकाम्या बाजूकडे वळोन सवयीने म्हणाले, “बघ रे घाग्या, चाबूक की नाही?” आणि मग मान खाली घालोन पटावरची पावडर बोटाने सारो लागले.

मग निर्मलाबाई हळूच म्हणाल्या, “शैले, तुझं नाटक मी वाचलंय. तू चुकलीस कुठे सांगू? घाग्या चहाला चाबूक म्हणायचा नाही. कुणाला जिवावरचं काही जमलं, तरच म्हणायचा.” शैलजाबाईंस आठवले की, याच गॅदरिंगात त्यांणी थरथरत कविता म्हटली, सभागृह हसले, आणि विंगेत घाग्या एकटा उभा राहोन ‘चाबूक’ म्हणाला होता. आजन्म त्या शब्दावर त्या लिहीत आल्या, आणि तोच शब्द त्यांणी चुरमुऱ्यासारखा उधळिला होता! मग ओजस यांचे हातचे पेन बाईंनी आपण घेतले आणि सारे चाबूक आपल्या हाते खोडिले, एक विंगेतला मात्र राखिला. ओजस म्हणाले, “मॅडम, हा मी कोणालाच कापू देणार नाही.” धन्य ते पोर! हट्टही वेळेवर केला आणि वेळेवर सोडिला.

प्रयोग थाटाने जाहला. विंगेतला तो एक शब्द साऱ्या सभागृहाने ऐकिला, आणि या खेपेस हसले कोणी नाही. पडदा पडल्यावर सुनंदाबाई घाग शैलजाबाईंकडे आल्या. बाई मनी भ्याल्या की, आता विचारतील, हे कोण बोलत होते? आणि त्यांणी तेच विचारिले. “हे असं बोलायचे? आमच्याकडे कधीच नाही हो. भाजी कितीही फर्मास झाली तरी ‘बरी झालीय’. सासूबाई ऐकत असायच्या ना.” शैलजाबाई म्हणाल्या, “कट्ट्यावरचं बोलणं चपलेसारखं होतं, वहिनी. सगळेच दाराबाहेर काढून घरात जायचो.” सुनंदाबाई थोडे हसल्या, मग पदराने डोळे पुसोन बाईंचा हात धरोन खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “अजून काय काय बोलायचे? सगळं सांगा. मला घाई नाही.”

ऐसे हे वर्तमान. तात्पर्य इतुकेच की, ते शब्द लोक खरेच बोलत होते, परंतु घरी नव्हे, वडिलांसमोर नव्हे, आणि साक्षीत तर नव्हेच. जिवलगांत बोलत, आणि बोलत तेव्हा मनापासोन बोलत. त्या रात्री रखवालदाराने दोनदा दिवे घालविण्याची सूचना केली, तरी दोघी बायका उठल्या नाहीत. इति लेखनसीमा.