बसलेला प्रेक्षक

डोंबिवलीत नाटक संपलं की प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या असतात. असा ठराव कुणी मांडल्याचं ऐकिवात नाही, पण अंमलबजावणी चोख आहे. पूर्वी एखादा प्रयोग फारच रंगला तर लोक उभे राहत. आता नाटक नुसतं संपलं तरी राहतात. मग प्रमुख नट छातीवर हात ठेवून सांगतो की असा रसिक प्रेक्षक फक्त डोंबिवलीतच आहे. ठाण्यात गेला की तो ठाण्याचं नाव घेतो.

अशाच एका रविवारी दुपारच्या प्रयोगाला साईनाथ खारकर बसून राहिले.

साईनाथराव रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गावात आलेलं प्रत्येक नाटक ते पाहत आणि घरी जाताना रिक्षात पत्नीला, जयाताईंना, आपलं मत सांगत. "विनोदी नाटकात नट स्वतःच हसत होता. आपलं तेवढं काम वाचलं." "ऐतिहासिकमध्ये तलवारी खऱ्या होत्या, भाषा पत्र्याची होती." दोन नट आणि दोन खुर्च्यांच्या प्रायोगिक नाटकाबद्दल ते एवढंच म्हणाले होते की खुर्च्यांनी संयमानं काम केलं. जयाताई म्हणत, "हळू बोला, रिक्षावाला ऐकतोय." मतं रिक्षातच संपत, त्यामुळे सामाजिक शांतता अबाधित होती.

त्या रविवारी नाटक होतं 'बाबा, ओळखा ना!' स्मृती गेलेला बाप आणि त्याची मुलगी. मुलीचं काम करणारी रसिका त्यांच्याच इमारतीतली. गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर ती झाड झाली होती, तेव्हापासून साईनाथरावांना तिचं कौतुक. शेवटच्या प्रवेशात ही रसिका बापासमोर उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडली, व्हायोलिन पिसाटलं, रंगमंच लालभडक झाला आणि पडदा पडला. सगळं नाट्यगृह उभं राहिलं. साईनाथरावांनी क्षणभर विचार केला, आपल्याला हे आवडलेलं नाही अशा निष्कर्षाला ते आले, आणि बसून राहिले.

छातीवर बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक धावत आला.

"काका, बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे."

"मग उभं राहता येत नाही का?"

"येतं."

"मग?"

"नाटक आवडलं नाही."

या उत्तरावर काय कार्यवाही करावी, याच्या सूचना स्वयंसेवकाला नव्हत्या. त्यानं जयाताईंकडे पाहिलं. उद्या सकाळी जिन्यात रसिकाची आई भेटणार, हे जयाताईंच्या डोळ्यांसमोर आलं.

"गुडघे हो त्यांचे," त्या म्हणाल्या.

निरोप रंगमंचावर पोचला. तिथं निर्माते प्रफुल्लशेठ माईक धरून उभे होते. वाडवडिलांच्या मिठागराचे त्यांनी टॉवर केले होते आणि टॉवरमधून आलेलं ते आता संस्कृतीला देत होते. "दोस्तांनो," ते गहिवरून म्हणाले, "आपल्यात एक काका असे आहेत, ज्यांना उभंच राहता येत नाही. तरीपण आलेत! ह्याला बोलतात नाटकाचं प्रेम!" बसायला लागलेले लोक पुन्हा उभे राहिले. साईनाथरावांच्या अंगावर शाल पडली. प्रवेशद्वाराजवळची व्हीलचेअर आणण्यात आली. ते नको नको म्हणत स्वतःच्या पायांनी निघाले होते, पण फोटोग्राफरला ते चाकाच्या खुर्चीत हवे होते. "बसा हो दोन मिनिटं, लोक खोळंबलेत," जयाताई म्हणाल्या. ते बसले. तीच चूक झाली.

फोटो डोंबिवलीभर फिरला. दुसऱ्या दिवशी साईनाथराव फडके रोडवर भाजी घ्यायला गेले, तेव्हा समोरून येणारे एक शेजारी जागच्या जागी थबकले.

"साईनाथराव! चालताय?"

"चालतोय. रोजच चालतो."

"नाटकाचा गुण!" शेजारी म्हणाले आणि मोबाइल काढून त्यांनी चित्रीकरण सुरू केलं.

आठवड्यात प्रफुल्लशेठ पेढे घेऊन घरी आले. "काका, ठाण्याच्या प्रयोगाला तुम्ही पायजेच. एन्डला तुम्ही फक्त उभं राहायचं."

"अहो, मला उभं राहता येतं."

"तेच तर बोलतोय मी! मग प्रॉब्लेम काय?"

"नाटक वाईट आहे, प्रफुल्लशेठ."

प्रफुल्लशेठनी पेढा तोंडात टाकला. "काका, घरातली गोष्ट सांगतो. मला पण सेकंड हाफ बोअर होतो. पण पब्लिक उभी राहते ना!"

ते गेल्यावर साईनाथराव म्हणाले, "मी जाणार. माईक मागून घेणार आणि सगळं खरं सांगणार." जयाताई त्या रात्री जेवल्या नाहीत.

ठाण्याच्या नाट्यगृहात शिरल्याबरोबर साईनाथरावांना गुडघ्याला चोळायच्या तेलाचा वास आला. शेजाऱ्यांचं चित्रीकरण इथवर पोचलं होतं. पुढच्या रांगांत काठ्या, वॉकर, पट्टे. टिटवाळ्याच्या विमलाबाईंना त्यांच्या जावयानं उचलूनच खुर्चीत ठेवलं होतं. फोटोतल्या काकांना ओळखून त्यांनी लांबूनच हात जोडले.

नाटक झालं. रसिका ओरडली, व्हायोलिन पिसाटलं, प्रफुल्लशेठनी माईक साईनाथरावांच्या हाती दिला. ते उभे राहिले.

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "त्या दिवशी मी बसून राहिलो, कारण मला हे नाटक..."

पुढचं कुणालाही ऐकू आलं नाही. बसलेला माणूस उभा राहिला, एवढ्यावरच लोकांनी टाळ्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं होतं. विमलाबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात धरून जोर लावला, अर्ध्यापर्यंत उठल्या आणि धपकन खाली बसल्या. साईनाथराव त्यांच्याकडे धावले.

"बाई, नाटकानं गुडघे बरे होत नाहीत हो."

"तुमचे झाले म्हणून तुम्ही बोलता," विमलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी परत येईन. कल्याणला पण येईन."

साईनाथरावांना कुठं तोंड लपवू असं झालं. बाहेर पडताना लोक एकेक करून त्यांच्या कानाशी लागत होते. "खरं सांगू? मलाही नाही आवडलं."

"मग उभे का राहिलात?"

"पुढचे उभे राहिले, मग काही दिसेना."

पुढचे म्हणाले, मागचे सगळे उभे, आपण बसलेलं बरं दिसत नाही. तपास करत करत ते पहिल्या रांगेतल्या गृहस्थांपर्यंत पोचले. सर्वांत आधी हेच उठले होते. "गाडी काढायची होती हो," ते म्हणाले. "नंतर पार्किंगमध्ये अडकायला होतं."

रंगपटाच्या दारात रसिका उभी होती. चेहऱ्यावरचा रंग अर्धा पुसलेला.

"काका, माईकवर तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं. विंगेत सगळं ऐकू येतं."

साईनाथरावांनी जयाताईंकडे पाहिलं. जयाताईंनी छताकडे पाहिलं.

"सांगा ना काका. मला सगळे 'अप्रतिम' म्हणतात. माझ्या मावशीनं तर नाटक न बघताच म्हटलं."

"तू ओरडतेस कशाला गं?" साईनाथराव शेवटी म्हणाले. "बाप तुला विसरलाय. बहिरा नाही झालेला."

रसिकानं गालावरचा उरलेला रंग पुसला. मग हळूच म्हणाली, "ओरडले नाही तर लोक उभे राहत नाहीत, असं आमचे दिग्दर्शक सर म्हणतात."

कल्याणच्या प्रयोगाला साईनाथराव तिकीट काढून गेले आणि मागच्या बाजूला बसले. विमलाबाई पुढे होत्या, तेलाचा वासही होता. शेवटचा प्रवेश आला. रसिका बापासमोर उभी राहिली, तिनं श्वास घेतला, आणि ओरडली नाही. ती खाली बसली. बापाच्या सदऱ्याचं चुकीच्या काजात गेलेलं बटण तिनं सोडवून नीट लावलं आणि विचारलं, "चहा घेणार?"

बापाचं काम करणारा नट गोंधळला. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं तिच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, "तुम्ही घेणार असाल तर."

व्हायोलिनवाला वाजवायचं विसरला. पडदा पडला.

नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. व्हायोलिन नाही, लाल प्रकाश नाही, त्यामुळे नाटक संपलं आहे याची अधिकृत सूचना प्रेक्षकांना मिळालेली नव्हती. लोक एकमेकांकडे पाहत होते. साईनाथरावांचे डोळे भरून आले. ते उठले आणि त्या अंधारात एकटेच टाळ्या वाजवू लागले.

"ओ काका, खाली बसा ना!" मागून कुणीतरी खेकसलं. "आम्हाला काही दिसत नाहीये!"

समोर नुसता पडदा होता. आवाज कुणाचा, ते अंधारात कळलं नाही. सुशिक्षित होता, नाटकांची आवड असणाऱ्या माणसाचा वाटला. बराचसा तुमच्यासारखा.