छत्तीस इंचांचं टेबल

संध्याने टेबल मागितलं तेव्हा संघपाल मॅच बघत होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नीट ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

"अहो, लिहायला एखादं घडीचं टेबल आणा ना. वाकून वाकून कंबर गेली माझी."

"आणायचं कशाला? मी करतो!" संघपाल म्हणाला. (ओव्हर संपून जाहिराती लागल्या होत्या. नवरे अशाच वेळी शूर होतात.)

संध्या अंगणवाडी सेविका. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना खिचडी वाढून झाल्यावर तिने मुख्यसेविकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. आठवडाभर अंगणवाडी, सर्व्हे आणि घर यांतून डोकं वर निघायचं नाही, म्हणून अभ्यासाला रविवार तेवढा मोकळा. परीक्षेपर्यंत असे तीनच रविवार उरले होते.

संघपाल सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. लाकडाशी त्याचा संबंध आजवर पेन्सिलीपुरताच आला होता. पण त्याने मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले. त्यात एक दाढीवाला माणूस शीळ घालत चौदा मिनिटांत टेबल करायचा. उस्मानपुऱ्यातल्या लाकूडवाल्याने त्याचे हात बघूनच सांगितलं, "साब, आप नक्को करो. मिस्तरी को दे डालो." संघपालने हा स्वतःचा अपमान समजला आणि एक फळी जास्त घेतली.

पहिल्या रविवारी माप. तो भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला, कोपर वाकवलं आणि कोपराखाली टेप धरला. छत्तीस इंच! लिहिताना हात कसा आरामात टेकला पाहिजे, असं तो पुटपुटला. मग कापणं सुरू झालं. संध्या नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराशी सतरंजीवर मांडी घालून, उलट्या डब्यावर वही ठेवून लिहीत होती. भुसा तिच्या चहात पडला, तशी ती सतरंजी घेऊन मोरीजवळ गेली.

"संध्या, जरा फळी धर."

"हा धडा होऊ द्या."

"एकच मिनिट!"

ते मिनिट दुपारी दोनला संपलं.

अशा वेळी बाकीचे नवशिके एक पाय लांब, एक पाय आखूड करतात आणि समान करता करता टेबलाचा पाट करून बसतात. संघपालचं तसंही झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं माप चुकलं नाही आणि चारही पाय नेमके सारखे आले. नशीब फुटकं असलं की असं होतं.

दुसऱ्या रविवारी बिजागऱ्या. संध्याने एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात टेबलाचा पाय धरला. सोळा स्क्रू पिळून झाल्यावर कळलं, की पाय आत दुमडण्याऐवजी बाहेर फाकतायत. सगळं उचकटून पुन्हा बसवायला संध्याकाळ झाली.

"अरं, तिला वाचू दे की जरा," संघपालची आई, मनकर्णाबाई, खाटेवरून म्हणाल्या.

"आई, तिच्यासाठीच चाललंय ना हे!"

तिसरा रविवार पॉलिशमध्ये गेला. वासाने संध्याचं डोकं दुखायला लागलं आणि ती पुस्तक मिटून पडून राहिली. पाच वाजता संघपालने तिला उठवलं, टेबल उघडून मांडलं, फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सात अंगठे आले.

"बस आता. लिही!"

संध्या आपल्या जागी सतरंजीवर जाऊन बसली. टेबल तिच्या डोक्याच्या वर गेलं. ती थोडा वेळ खालून त्याची पॉलिश न केलेली बाजू बघत राहिली.

"हे कुणासाठी केलंय?"

"सोफ्यावर बसून बघ की!" सोफ्यावर बसल्यावर ते तिच्या हनुवटीला लागलं. घरात खुर्ची नव्हती आणि ठेवायला जागाही नव्हती.

"लग्नाला सतरा वर्षं झाली," संध्या म्हणाली. "मी कुठं बसून लिहिते, ते कधी बघितलंच नाय व्हय तुम्ही?"

संघपालने सतरंजीकडे पाहिलं. दाराशी तेवढ्या जागेतली फरशी घासून गुळगुळीत झाली होती, तीही त्याला त्या दिवशीच दिसली.

परीक्षा झाली. महिन्याने मोबाइलवर यादी आली. संध्याने ती दोनदा वर-खाली केली आणि मोबाइल पालथा ठेवला.

"दोन मार्कांनी गेलं."

"असं कसं? एवढा अभ्यास केलास!"

"लसीकरणाचा धडा राहिला होता. त्याच्यावरच चार मार्कांचा प्रश्न आला."

"राहिला? कधी राहिला?"

"तुम्ही पाय उलटे बसवले त्या रविवारी."

ती रडली नाही, भांडलीही नाही. भांडली असती तर संघपालला बरं वाटलं असतं. आपण बायकोची शेवटची संधी करवतीने कापली, हे त्याला स्वच्छ कळलं. आणि कळल्यावर तो जे बोलला, ते कोणत्याही नवऱ्याने बोलू नये.

"मी पाय कापून बुटकं करून देतो ना!"

"नाय. राहू द्या. आता कशाला?" ती उठली, आत गेली आणि त्याच्या धुतलेल्या शर्टांचा ढीग घेऊन आली. वर इस्त्री होती. तिने ते सगळं टेबलावर ठेवलं. "इतकी वर्षं खाली बसून इस्त्री केली मी. आजपासून तुम्ही करा."

मग तिने सर्व्हेचं रजिस्टर काढलं आणि सतरंजीवर, उलट्या डब्यासमोर जाऊन बसली.

संघपालने पहिला शर्ट पसरला. टेबल हललं नाही, कुरकुरलं नाही. बाहीवरून इस्त्री कशी सरळ फिरली. मनकर्णाबाई खाटेवरून कौतुकाने बघत होत्या.

"लई मापात झालंय रं, संघा," त्या म्हणाल्या. "तुला जरासुदिक वाकावं लागत नाय."