अख्खी शिफ्ट गरम

मध्यंतराची शिट्टी वाजली आणि काळेवाडीच्या कबड्डीवाल्या पोरींनी लिंबाखाली बसकणच मारली. कप्तान मैत्री त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. मागचे दोन सामने असेच गेले होते! पहिल्या डावात वाघिणी, मध्यंतरात बसून अंग गार, की दुसऱ्या डावात डबक्यातल्या म्हशी. आज हरलं की स्पर्धेतूनच बाहेर.

"उठा! पुन्हा वॉर्मअप!"

"मैत्रे, दम तरी खाऊ दे गं," मोनिका कण्हली.

"समोर बघ, राजगुरुनगरच्या पोरी केळी खात बसल्यात. त्या गार, आपण गरम. आलं का डोक्यात?"

सामना होता चाकणच्या एका कंपनीच्या मैदानावर, आणि तिथं शिफ्टआधी सगळ्या कामगारांना व्यायाम सक्तीचा. पोरी रांगेत जागच्या जागी धावू लागल्या, मैत्री समोर उभी राहून आकडे ओरडू लागली, आणि नेमक्या तेव्हाच दुसऱ्या शिफ्टच्या बस रिकाम्या झाल्या. व्यायाम सुरू झालेला बघून कामगारांनी डबे खाली ठेवले आणि पटापट पोरींच्या मागं रांगा लावल्या.

"काका, हा आमचा..." मैत्री चाचरली.

"आवाज वाढवा मॅडम, मागं ऐकू येत न्हाई!" एक टकलू काका ओरडले.

मॅडम! आयुष्यात पहिल्यांदाच! मैत्रीचा आवाज आपोआप चढला. "गुडघे वर! एक, दोन!" शेकडो बूट धाडधाड आपटले.

तेवढ्यात सुपरवायझर निरंजन धावत आला आणि थेट केळीवाल्यांवर तुटून पडला. "ए, तुम्ही कुठल्या लाइनच्या? बसलात काय? उठा!" बिचाऱ्या साली हातात घेऊन उड्या मारू लागल्या.

"अहो सर, त्यांना बसू द्या ना!" मैत्री कळवळली.

"इथं कुणालाच सूट नाही, मॅडम!"

शिट्टी वाजली. गुण बरोबरीत आणि दोन्ही संघ सारखेच तापलेले! मैत्री दातओठ खात चढाईला निघाली. मध्यरेषा ओलांडून दोन पावलं टाकली नाहीत तोच पोटरीत असा पेटका आला, की ती जागीच आडवी. व्यायामाच्या वेळी अख्ख्या मैदानात आकडे ओरडत नुसती उभी राहिली होती ती एकटीच!

आयतं सावज बघून पाच जणी तिच्यावर झेपावल्या. मैत्रीनं "कबड्डी कबड्डी" न सोडता कळवळून हात मागं फेकला. बोटं मध्यरेषेच्या पार!

"पाच गुण!" पंच ओरडले. पुढच्याच चढाईत मोनिकानं उरलेल्या दोघी टिपल्या, समोरचा अख्खा संघ बाद होऊन लोण चढला, आणि सामना काही मग काळेवाडीच्या हातून सुटला नाही.

पोरींनी मैत्रीला खांद्यावर उचललं. "पाय! पाय सोडा, आई गं!"

निरंजन गर्दीतून वाट काढत आला. "मॅडम, उद्या शिफ्टच्या आधी याच."

"व्यायाम घ्यायला?" मैत्रीनं पोटरी चोळत ऐटीत विचारलं.

"नाही. करायला."